कांचनाची साल

आईच्या गळ्यावरची गाठ मला पहिल्यांदा दिसली ती तीन वर्षांपूर्वी, माघातल्या एका रविवारी दुपारी. ती नुकतीच बाजारातून आली होती. ओसरीत बसून तिनं मान मागे टाकली आणि तांब्यातलं पाणी वरूनच घशात ओतलं, तशी गळ्याच्या उजव्या बाजूला कातडीखालून बोराएवढं काहीतरी वर सरकलं आणि परत खाली आलं. मी समोर तुरीच्या ओल्या शेंगा सोलत बसले होते.

"आई, अजून एक घोट पी बरं."

"कावून?"

"पी तर खरं."

ती प्यायली. ते पुन्हा वर सरकलं.

मी उठून हात लावून पाहिला. टणक होतं. दुखतं का विचारलं, तर नाही म्हणाली. कधीपासून आहे विचारलं, तर म्हणाली, "असन दिवाळीपासून. म्या काई ध्यान नाई देलं." आणि माझा हात बाजूला करून शेंगांचं टोपलं स्वतःकडे ओढून घेतलं.

मी अकोल्याला एका शाळेत विज्ञान शिकवते. आई अमरावतीला एकटी राहते, वडील गेल्यापासून. वडील बस चालवायचे, बरीच वर्षं चिखलदऱ्याच्या गाडीवर होते. आई माळ्याची लेक. लग्नाआधीपासून भाजी विकत आलेली. घराला कुंपणाची भिंत आहे आणि भिंतीला लागून बाहेरच्या बाजूनं कांचनाचं झाड आहे. ते वडिलांनी लावलेलं. घाटात गाडी तापली की ते एका वळणावर थांबून पाणी टाकायचे. त्या वळणावर उतारावर कांचनाची झाडं होती. फाल्गुनात अंगावर एक पान नसताना ती गुलाबी-जांभळ्या फुलांनी भरून जायची, आणि उतारू खाली उतरून बघत उभे राहायचे. तिथलं एक रोप वडिलांनी तेलाच्या रिकाम्या डब्यात घालून, आपल्या सीटमागे ठेवून, सगळा घाट सांभाळत खाली आणलं. मी तेव्हा चौथीत होते.

आईला ते झाड कधी पटलं नाही. "लावाचंच होतं तं मोगरा लावाचा होता," ती म्हणायची. "हे फूल दुपारलोक मान टाकते. याले कोन घेईन?" फूल विकत नाही, म्हणजे तिच्या दृष्टीनं झाड बिनकामाचं. दसऱ्याला तर ती वडिलांवरच चिडायची. कांचनाचं पान आपट्यासारखंच मधे चिरलेलं, फक्त मोठं. लोक आपटा समजून, किंवा न समजल्याचं दाखवून, अख्ख्या फांद्या मोडून न्यायचे. वडील ओट्यावर खुर्ची टाकून राखणीला बसायचे आणि येणाऱ्या प्रत्येकाला समजावून सांगायचे की हा आपटा नाही. आई आतून ओरडायची, "नेऊ द्या न् जी, तेवढंच झाडाचं काम."

ती आतून ओरडली तरी तिचा आवाज गल्लीच्या तोंडापर्यंत जायचा. बाजारात तिचा ओटा आतल्या बाजूला, कोपऱ्यात. रस्त्यावरून गिऱ्हाइकाला तो दिसायचा नाही. पण "सांबार घ्या, पालक घ्या, मेथी आली मोर्शीची" (सांबार म्हणजे आमच्याकडची कोथिंबीर) हे रस्त्यापर्यंत पोचायचं आणि माणसं आवाजाच्या मागे आत यायची. लहानपणी मैत्रिणी मला तिच्या आवाजावरून चिडवायच्या. मला लाज वाटायची. हे मी आज कबूल करते.

त्या रविवारनंतर दोनच दिवसांनी मी रजा टाकून तिला डॉक्टरांकडे नेलं. सोनोग्राफी झाली. घशाच्या तज्ज्ञांनी रिपोर्ट पाहिला, गाठ बोटांनी चाचपली, तिला आवंढा गिळायला लावला आणि म्हणाले, "थायरॉइडची गाठ आहे. बहुतेक वेळा साधी निघते. पण ही थोडी वेगळी दिसते. सुई घालून आतलं थोडं काढू आणि तपासायला पाठवू."

"आणि त्यात काही निघालं तर?" मी विचारलं.

"तर तेवढी बाजू काढायची. ऑपरेशन फार मोठं नाही. फक्त आवाजाची नस ग्रंथीला अगदी चिकटून जाते, ती जपावी लागते."

आई इतका वेळ भिंतीवरच्या चित्राकडे बघत होती. ती वळली. "डॉक्टरसाहेब, आवाज जाते का?"

"सहसा नाही, आजी. काहींचा थोडे दिवस बसतो. क्वचित एखाद्याचा कायमचा बदलतो."

आईनं मान हलवली. मी पुढचं विचारत होते, सुई कधी, रिपोर्ट किती दिवसांनी, गाठ कॅन्सरची असण्याची शक्यता किती. परत येताना ऑटोत ती एक शब्द बोलली नाही. मला वाटलं, कॅन्सर हा शब्द ऐकून घाबरली. आम्ही दोघी घाबरलो होतो हे खरं, पण मी एका गोष्टीला आणि ती दुसऱ्याच. हे कळायला मला दोन महिने लागले.

सुईची तारीख पुढच्या सोमवारची मिळाली. त्याच आठवड्यात शाळेत प्रात्यक्षिक परीक्षा सुरू होत होत्या आणि बाहेरचे परीक्षक यायचे होते. मुख्याध्यापकांनी रजा नाकारली नाही, पण तोंड वाईट केलं. आईनंच फोनवर सांगितलं, "तू नोको येऊ. शेजारची येते माह्यासंगं. सुईच तं टोचाची हाय." मी हो म्हणाले. त्या होकारावर मी नंतर फार विचार केला आहे.

सोमवारी संध्याकाळी फोन केला. "झालं," ती म्हणाली. "मुंगी चावल्यावानी वाटलं."

पुढच्या आठवड्यात पुन्हा केला. "आला रिपोर्ट. काई नाई म्हनते. साधी गाठ हाय."

"कागद कुठे आहे?"

"कपाटात ठेवला."

मला इतकं हलकं वाटलं की मी शाळेच्या व्हरांड्यातच खाली बसले. मुलांना प्रयोगवहीत प्रत्येक निरीक्षणाची नोंद मागणारी मी, आईला म्हणाले नाही की कागदाचा फोटो पाठव. शेजारणीला पाठवायला सांगता आलं असतं. पण मला तेच ऐकायचं होतं, आणि मी तेच ऐकलं. तरी आत कुठेतरी काटा राहिला. फळ्यावर लिहिताना मधेच आठवायचं की डॉक्टर "थोडी वेगळी दिसते" म्हणाले होते. रात्री जेवताना नवऱ्याला विचारायचे, "वेगळी म्हणजे काय असेल?" तो म्हणायचा, "रिपोर्ट आला ना चांगला?" आला होता. 

मार्चच्या शेवटी मला समोरच्या चाचांचा फोन आला. चाचांचं आमच्या घरासमोर लाकडाचं दुकान आहे. दारं, चौकटी, पाट, पोळपाट करतात. वडिलांचे ते जुने दोस्त. वडील गेल्यावरही रोज सकाळी दुकान उघडलं की आधी आमच्या दाराकडे बघतात. मला त्यांनी फोन क्वचितच केला असेल, म्हणून नाव दिसताच मी लगेच उचलला.

"बेटी, सब ठीक हाय," ते आधी म्हणाले. "घाबरू नोको. तुह्या बाबाच्या झाडाची साल कोनी काढून राह्यलं. थोडी थोडी. रोज सकाळी पायतो तं नवीन जागा सोललेली दिसते."

"आईला विचारलं का?"

"इचारलं. म्हने मले नाई माईत."

खरं सांगते, मला त्या वेळी झाडाचं काही वाटलं नाही. पेपर तपासायचे गठ्ठे समोर होते. म्हटलं, जडीबुटीवाले कोणी असतील, चाचा, लक्ष ठेवा. ते म्हणाले, "ध्यान ठेवतो. पन आता तीन बाजू सोलल्या गेल्या. चौथी गेली तं झाड गेलं."

चार-पाच दिवसांनी त्यांचा पुन्हा फोन आला. या वेळी ते लवकर मुद्द्यावर येईनात. माझी तब्येत विचारली, अकोल्याच्या उन्हाची चौकशी केली. मग म्हणाले, "बेटी, म्या आज फजरच्या नमाजनंतर दुकानातच बसून राह्यलो. लाइट नाई लावला. तुही मायच हाय थे. खुरप्यानं साल काढून पदरात घेऊन गेली. म्या आवाज नाई देला. तिले शरम वाटली असती."

मी फोन ठेवला. पोरीच्या लॅपटॉपवर कांचनाचं नाव टाकलं. पहिल्याच पानावर आलं: साल, काढा, गंडमाळ, गळ्यातल्या गाठी. मी विज्ञान शिकवते आणि तीस वर्षं त्या झाडाच्या सावलीत ये-जा केली, तरी मला हे माहीत नव्हतं.

सकाळच्या गाडीनं निघाले. मूर्तिजापूर येईपर्यंत मी मनात सगळा हिशेब उलटा लावत आणला. साधी गाठ असती तर ती काढा कशाला पीत बसली असती? म्हणजे रिपोर्ट वाईट होता आणि तिनं लपवला. की रिपोर्टच नव्हता? की सुईच टोचली नव्हती? बडनेऱ्याला उतरेपर्यंत मला शेवटचंच खरं वाटू लागलं होतं, आणि तरीही मी देवाला म्हणत होते की तसं नसू दे. समोरच्या बाकावरची बाई मला दोनदा पाणी घ्या म्हणाली. माझा चेहरा कसा दिसत असेल कोण जाणे.

घरी पोचले तेव्हा आई बाजारात होती. किल्ली चाचांकडे असते. त्यांनी ती काही न विचारता हातात दिली. मी आधी झाडापाशी गेले. माझ्या छातीएवढ्या उंचीपर्यंत खोड सोललेलं होतं. काही ठिकाणी लाकूड वाळून पांढरं पडलं होतं, काही ठिकाणी अजून ओलं, लालसर. रस्त्याच्या बाजूला मात्र चार बोटं रुंद एक पट्टा शिल्लक होता, वरून खालपर्यंत. झाडावर त्या वर्षीची शेवटची फुलं होती. मी मुलांना शिकवते की पानांत तयार झालेलं अन्न सालीखालच्या थरातून मुळांपर्यंत जातं. त्या चार बोटांतून तेवढंच जात होतं.

कपाटात रिपोर्ट नव्हता. गच्चीवर सुपात सालीचे तुकडे वाळत घातले होते. स्वयंपाकघरात पितळी गंजात तळाशी काळपट काढा होता.

आई दुपारी आली. मला बघून तिनं डोक्यावरचं टोपलं उतरवलं आणि म्हणाली, "चाचानं सांगतलं असन."

"आई, सुई टोचली होती का?"

ती बसली. पदरानं तोंड पुसलं. "नाई."

"दोन महिने झाले."

"मले माईत हाय किती झाले."

मी खूप बोलले. काय काय बोलले ते सगळं आठवत नाही. एवढं आठवतं की मी म्हणाले, तुला मरायचं असेल तर मला सांगून मर, मी तिकडे खोट्या फोनवर खूश होऊन बसले होते. हे बोलल्यावर मला स्वतःलाच धक्का बसला. आई शांतपणे ऐकत होती. मग म्हणाली, "माहा आवाज गेला तं म्या बाजारात काय करू? मुकी बसू कोपऱ्यात? माह्या ओट्याकडे कोन येईन?"

"आवाज जाईलच असं नाही म्हणाले डॉक्टर."

"जाते बी म्हनले. तू आयकलं नाई. तू दुसरंच इचारत होती." तिनं भिंतीपलीकडच्या झाडाकडे मान वळवली. "तुह्या बापानं सांगतलं होतं मले. घाटातले लोकं गळ्याच्या गाठीले कांचनाची साल उकळून पेतात. झाड लावलं तवाच सांगतलं होतं. म्या हासली होती. आता वाटलं, त्या मानसानं माह्यासाठीच लावून ठेवलं की काय."

 मी तिच्या गळ्याकडे बघत होते. गाठ पाणी न पिताही दिसत होती.

दुसऱ्या दिवशी मी तिला घेऊन गेले आणि सुई होईपर्यंत तिचा हात सोडला नाही. डॉक्टरांना काढ्याचं सांगितलं. ते रागावले नाहीत. "काढ्यानं गाठ जात नाही, आजी," इतकंच म्हणाले. रिपोर्टला पाच दिवस लागणार होते. मी शाळेत कळवलं की मी येत नाही, जे व्हायचं ते होऊ द्या.

ते पाच दिवस फार लांब होते. आई रोज बाजारात जायची आणि मीही तिच्यासोबत ओट्यावर बसायचे. एकटीला घरी बसवत नव्हतं. पालकाच्या जुड्या बांधता बांधता मी गिऱ्हाइकांचे गळे बघायचे. प्रत्येकाचा गळा मला सपाट, निरोगी दिसायचा. फोन वाजला की हातातली जुडी सुटायची. आई मात्र ओरडत होती, रोजच्यासारखी, बहुतेक थोडी जास्तच. तिसऱ्या दिवशी मी फोन मांडीत धरून, तिच्या नकळत, तिचा आवाज भरून घेतला. पाऊण मिनिटाचा आहे. तो मी अजूनपर्यंत एकदाही लावून ऐकलेला नाही.

घरी आल्यावर चाचा झाडापाशी दिसायचे. त्यांनी शेण आणि माती कालवून सोललेल्या भागाला लिंपली होती, वरून ओलं पोतं गुंडाळून सुतळीनं बांधलं होतं. आई दारातून बघत होती. तीन दिवस ती काही बोलली नव्हती त्यांच्याशी. चौथ्या दिवशी तिनंच विचारलं, "वाचते का हो थे?"

"एक बाजू वाचन," चाचा म्हणाले. "दुसरी सुकन. सुकलेली म्या कापून देईन."

"म्या नव्हतं मारत त्याले. म्या रस्त्याकडची बाजू ठेवली होती मुद्दाम."

"पाह्यलं म्या," चाचा म्हणाले. "म्हून तं फोन कराले उशीर केला. वाटलं, काढनाऱ्याले झाडाची कदर हाय."

रिपोर्ट आला. डॉक्टरांनी "संशयास्पद" हा शब्द वापरला आणि ऑपरेशन लांबवू नका म्हणाले. आई म्हणाली, मी नाही करणार. मी काही बोलणार इतक्यात डॉक्टरांनी मला हातानं थांबवलं आणि खुर्ची तिच्याकडे वळवली.

"कशाची भीती वाटते, आजी?"

"आवाजाची."

"मग नीट ऐका. मी जपून काढलं तर बहुतेक आवाज राहील. महिना-दोन महिने बसेल, कदाचित थोडा जाड होईल. पण ही गाठ कॅन्सरची असली आणि तशीच वाढू दिली, तर ती स्वतःच त्या नसेला धरेल. मग आवाज नक्की जाईल. आणि मग माझ्या हातात काही राहणार नाही."

आईनं विचारलं, "नक्की म्हनता?"

"नक्की."

ती बराच वेळ पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसली. मला हे दोन महिन्यांपूर्वी विचारून घेता आलं असतं. मी टक्केवारी विचारत बसले होते आणि तिच्या प्रश्नाचं उत्तर कोणी तिला दिलंच नव्हतं.

"करा मंग," ती म्हणाली.

ऑपरेशन अकोल्याला करायचं ठरवलं, म्हणजे नंतर ती माझ्याकडे राहील. डॉक्टरांनी तिथल्या सर्जनला फोन करून सगळं सांगितलं. निघायच्या आदल्या दिवशी आई शेजारच्या ओट्यावरच्या बाईला सांगून आली की तिच्या जागेवर पंचवीस-तीस दिवस त्या बाईनंच माल मांडावा, जागा रिकामी दिसू देऊ नये.

ऑपरेशन सकाळी होतं. तिला आत नेलं तेव्हा तिनं माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "जेवून घे, उपाशी नोको बसू." दार बंद झालं. तिच्या जुन्या आवाजातलं मी ऐकलेलं ते शेवटचं वाक्य. तेव्हा ते माहीत नव्हतं, पण मला तशी भीती होतीच, म्हणून मी ते बाहेर बाकावर बसून मनात पुन्हा पुन्हा म्हणत राहिले. अडीच तास म्हणाले होते, साडेतीन झाले. मी नर्सला विचारायला तीनदा उठले. नवरा डबा घेऊन आला होता, मी तो उघडला नाही.

सर्जन बाहेर आले तेव्हा म्हणाले, नस शाबूत आहे, पण गाठ तिच्या फार जवळ होती, थोडी ताणली गेली असेल. संध्याकाळी आईला शुद्ध आली. त्यांनी तिला नाव सांगायला लावलं. तिनं तोंड उघडलं आणि नुसती हवा आली. तिनं पुन्हा प्रयत्न केला. पुन्हा हवा. तिनं माझ्याकडे जे पाहिलं, ते मला अजून सहन होत नाही.

"सुरुवातीला असं होतं," सर्जन म्हणाले. "वाट बघा."

गाठीत कॅन्सर निघाला. लहान, एका जागी, पूर्ण निघालेला. पुढचे उपचार लागणार नाहीत, फक्त रोज सकाळी उपाशीपोटी गोळी आणि ठरावीक मुदतीनं तपासणी. मी ते ऐकून रडले. आईला कानात सांगितलं, तर तिनं नुसती मान डोलावली. ती अजून दुसऱ्याच गोष्टीची वाट बघत होती.

तीन महिने ती माझ्या फ्लॅटमध्ये राहिली. काही हवं असलं की ताटावर चमचा वाजवायची. माझी पोर तिच्याशी खुणांनी बोलायला शिकली. मी सकाळी उठून आधी तिच्या खोलीत जायचे आणि म्हणायचे, काहीतरी बोल. ती हातानं मला हाकलून द्यायची. एकदा तिनं हाकललंही नाही, भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. शाळेत शिकवताना माझाच आवाज मला नको वाटायचा.

पाऊस लागल्यावर एका दुपारी चाचांचा फोन आला. मी स्पीकरवर टाकला. ते सांगत होते की झाडाची भिंतीकडची बाजू वाळली, त्यांनी कापून काढली. रस्त्याकडच्या बाजूला नवीन पानं आली आहेत, आणि लाकूड वाळवून ठेवलं आहे. "भाबीले इचार, त्याचं काय करू?"

आई कांदा चिरत होती. खाली बघूनच ती म्हणाली, "पाट करा."

खरखरीत, खालच्या पट्टीतला, पुरुषासारखा आवाज होता. पण शब्द स्पष्ट होते.  मी सुरी तिच्या हातातून काढून घेतली, का ते माहीत नाही.

श्रावणात ती अमरावतीला परत गेली. आवाज हळूहळू वाढला, पण पहिल्यासारखा झाला नाही, होणारही नाही. रस्त्यापर्यंत तो पोचत नाही. पहिले काही आठवडे ओट्यावर फार थोडी गिऱ्हाइकं आली आणि फोनवर ती चिडचिड करायची. मग तिनं कोपऱ्यातला ओटा सोडून, त्याच बाईच्या बरोबरीनं, रस्त्यालगत जागा घेतली. ती बाई ओरडते, आई तोलते. तिथे उन्हाचा त्रास आहे. मला तिच्या डोक्यावरच्या उन्हाची काळजी लागते, आणि ती म्हणते, तुले कशाची ना कशाची काळजी लागतेच.

झाडाबद्दल सांगायचं तर ते अर्धंच आहे. रस्त्याकडच्या फांद्या या फाल्गुनात फुलल्या. भिंतीच्या बाजूनं पाहिलं तर कापलेली जागा आणि चाचांनी लावलेलं डांबर दिसतं. वादळ आलं की एकाच बाजूला भार असलेलं ते झाड पडेल की काय असं वाटून मी फोन करते. ते अजून उभं आहे.

गेल्या महिन्यात तपासणीसाठी ती अकोल्याला आली होती. रक्ताचा आणि सोनोग्राफीचा रिपोर्ट यायचा होता आणि आम्ही बाहेर बाकावर बसलो होतो.  शेजारी बार्शीटाकळीकडच्या एक बाई बसल्या होत्या, आईच्याच वयाच्या, सोबत सून. गळ्याला ओढणी गुंडाळलेली. सून मला हळूच म्हणाली, "चार महिन्यांपासून झाडपाल्याचं औषध देऊन राह्यलो आमी. ऑपरेशनचं नाव काढलं की अम्मी ऐकतच नाहीत."

आईनं ते ऐकलं. ती सरकून त्या बाईंच्या जवळ जाऊन बसली आणि स्वतःच्या गळ्यावरचा व्रण दाखवला.

"म्याबी पेली," ती म्हणाली. "दोन महिने. घरच्या झाडाची साल. पोरीले खोटं सांगतलं."

त्या बाईंनी विचारलं, "मंग आवाज?"

"हाच हाय. आयकू येते ना तुमाले?"

"येते."

"मंग बस. आता सांगा, तुमाले कशाचं भ्याव वाटते? सुनेले नोका सांगू, मले सांगा."

त्या बाई सुनेकडे बघून, आवाज खाली घेऊन काहीतरी सांगू लागल्या. मला ऐकू आलं नाही. आतून आमचा नंबर पुकारला. मी फाइल उचलून उभी राहिले, दारापर्यंत गेले आणि मागे वळून पाहिलं. आई उठली नव्हती. तिनं हातानं मला थांबायची खूण केली आणि त्या बाईंच्या कानाशी वाकून बोलत राहिली.